खंडेनवमीची काडतुसं

बाईंच्या घरात कात्री होती, पण कापडाखेरीज दुसऱ्या कशाला ती लावलेली त्यांना खपत नसे. मिठाईच्या पुड्याची दोरी, लग्नपत्रिकेचं पाकीट, मेडिकलवाल्यानं पिना मारून दिलेली कागदी पिशवी, सगळं सोडवून काढायचं. फाडायचं नाही, तोडायचं नाही. आम्ही त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो त्या दिवशी मी भांड्यांच्या खोक्यावरची सुतळी ब्लेडनं कापत होतो. खालून आवाज आला, "ओ वरचे! त्या सुतळीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

सामान अजून अर्धं टेम्पोतच होतं आणि आम्ही 'वरचे' झालो होतो. पुढं ओळख वाढली तसा मी 'वरच्या' झालो, माझी बायको 'वरची'. आमची नावं त्यांना पाठ होती. पण म्हणायच्या, "भाडेकरू बदलत राहतात. मजला तिथंच राहतो. मी मजल्याला हाक मारते."

नांदेडच्या जुन्या भागात, नदीकडं उतरणाऱ्या एका गल्लीत ते घर होतं. बाई मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा वनखात्यात रेंजर होता, त्यातली बरीच वर्षं किनवटच्या जंगलात गेलेली. तो वारला होता. बाई त्याला तो असताना 'साहेब' म्हणत आणि गेल्यावरही 'साहेब'च म्हणत, आणि ते सुद्धा असं की साहेब आत कपडे बदलताहेत, येतीलच. एक मुलगा पुण्याकडं सरकारी नोकरीत. मी मूळचा जळकोट तालुक्यातला, एका कचेरीत कारकून, नोकरी अजून पक्की व्हायची होती. हे शेवटचं लक्षात ठेवा. मी पुढं जे वागलो त्याचं ते कारण नव्हे, पण मी स्वतःला जी कारणं सांगत आलो त्यातलं ते एक आहे.

बाईंविषयी बोलायची वेळ आली की मी आजवर विषय बदलत आलो. आता सांगतो.

त्यांच्या शाळेतली गोष्ट गल्लीतल्या बायका सांगत. पाचवीत आलेल्या मुलीच्या हातात बाई सुई देत नसत. आधी एक शिवलेली चिंधी द्यायच्या. "उसव. कापडाला भोक पडलं नाही पाहिजे." दिवाळीपर्यंत पोरी नुसतं उसवायच्या. एका मुलीचा बाप भांडायला आला होता म्हणे. "पोरगी शिवण शिकायला धाडली, तुम्ही तर उसवायचंच शिकवून राहिल्या!" बाई म्हणाल्या, "शिवलेलं बिघडणार हे ठरलेलं हाय. दर बारीला नवं कापड आणून देणार का तुम्ही?" पोरगी पुढं टेलर झाली की काय झाली, ते सांगणाऱ्यांना माहीत नव्हतं. बाईंनाही त्याचं काही नसे.

एकदा माझं आणि बायकोचं कडाक्याचं भांडण झालं. कशावरून ते आठवत नाही. ती खिडकीकडं तोंड करून, मी दाराकडं. बाई न विचारता वर आल्या. एक जुना स्वेटर बायकोच्या मांडीवर टाकला, त्याचं सुटं टोक माझ्या हातात दिलं. "ती उसवते, तू गुंडाळ." आणि खाली निघून गेल्या. आता पाठीला पाठ लावून स्वेटर उसवता येत नाही. थोड्या वेळानं मला म्हणावं लागलं, "हळू ओढ." तिला म्हणावं लागलं, "तूच ताणून धरलंयस." बाही संपेपर्यंत आम्ही हसत होतो. जिन्यात बाई बसल्या होत्या हे मला नंतर कळलं. ऐकत होत्या.

असं हे माणूस. गल्लीत त्यांना विक्षिप्त म्हणत, पण जपून. कारण निम्म्या गल्लीच्या पोरींच्या हातातली सुई त्यांनीच धरायला शिकवली होती.

बायकोला दिवस गेले. तिची आई नाही, त्यामुळं बाळंतपण आमच्याकडंच होणार होतं आणि माझी आई गावाहून येणार होती. आईचे गुडघे गेलेले, तिला जिना चढवेना. बाईंच्या खालच्या मजल्यावर मागची एक खोली बंद असायची. मी ती मागितली.

बाईंनी हातातलं शिवण खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "त्या खोलीत साहेबांचं सामान हाय."

मी दोनचार दिवसांनी पुन्हा विचारलं. मग पुन्हा. गोड बोलून विचारलं, आईचे गुडघे सांगितले, येणाऱ्या लेकराचं नाव पुढं केलं. शेवटी त्या म्हणाल्या, "देते. पण गडबड करू नको. मला ते एकएक करून काढावं लागन."

मला वाटलं कपडे असतील, पुस्तकं असतील.

थंडीच्या दिवसांतली एक सकाळ. नळाला पाणी आलं म्हणून मी मोटर लावायला खाली उतरलो. मागच्या अंगणात बाई ओल्या पोत्यावर बसल्या होत्या. अंगावर धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं, पदर घट्ट खोवलेला. आणि हात मोकळे. साहेब गेले तेव्हा जावांनी किती सांगितलं तरी बाईंनी बांगड्या काढल्या नव्हत्या, ही गोष्ट गल्लीला ठाऊक होती. त्या बांगड्या शेजारी एका वाटीत होत्या. पुढ्यात पाण्याची परात, दोन मातीची भांडी, आणि एक पत्र्याचा डबा. डब्यात काडतुसं होती. बाराबोरची. बोटाएवढी जाड, कागदी नळीची, बुडाला पितळ.

"तिथंच उभा राहा," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा. "पुढं येऊ नको. मागं बी जाऊ नको, चपलेचा आवाज होतोय."

मी तसाच उभा राहिलो. नळाचं पाणी वाहून गेलं.

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते असं. साहेबांकडं परवान्याची बंदूक होती. रानडुकरं पिकात घुसली की गावं त्यांना बोलवायची. नवी काडतुसं मोजकीच मिळत, म्हणून उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्या साहेब जपून ठेवत आणि घरीच पुन्हा भरत. बुडात नवी टोपी, म्हणजे ठोका बसला की पेटणारी बारकी वाटी, वर बारूद, मग गट्टा, मग छर्रे, तोंडाला मेण. गट्टा म्हणजे बारूद आणि छर्रे वेगळे ठेवणारी जाड चकती. बाजारातली संपली की त्या चकत्या बाई कापून देत. घोंगडीच्या, जुन्या गरम कोटाच्या, काय हाताला लागेल त्याच्या. रात्रीची जेवणं झाली की टेबलाच्या एका बाजूला त्या ब्लाउज शिवत, दुसऱ्या बाजूला साहेब काडतुसं भरत.

"म्हंजे हे माझ्या हातचं बी हाय," बाई म्हणाल्या. "निम्मं."

साहेब गेल्यावर बंदूक आणि परवान्यावरची काडतुसं ठाण्यात जमा झाली. हा डबा राहिला. कारण तो देवघराखाली होता. खंडेनवमीला सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात, तशी त्या घरात बाईंच्या मशीनची आणि साहेबांच्या बंदुकीची होई. पुढं बंदूक गेली, तर बाई या डब्याची पूजा करत राहिल्या. दर वर्षी झाकण उघडायचं, पळीनं पाणी शिंपडायचं, हळदीकुंकू वाहायचं, झाकण लावायचं.

"आता बघ," त्या म्हणाल्या आणि डबा जरा कलता केला. वरच्या थरातल्या काडतुसांची बुडं हिरवी पडली होती. कुंकवानं पितळ खाल्लं होतं, कागद फुगला होता. खालच्या थरातली मात्र कोरडी, जवळजवळ नवी. "जेवढी पूजा लई, तेवढी ती सडली. मला कळायला पाहिजे होतं. मी मशीनला कधी पाणी लावलं का? तेल लावायची. ह्यांना पाणी लावत राहिले."

मी म्हणालो, "बाई, ठाण्यात द्या ना."

"गेले होते. नाव न सांगता विचारलं, कोण्या घरी जुनी काडतुसं निघाली तर काय करावं? हवालदार म्हणतो, कोण्या घरी, आजी? पत्ता सांगा. मी म्हणलं, आधी तुम्ही सांगा काय करता ते. तो म्हणतो, आधी तुम्ही सांगा. तिथं उत्तर मिळत न्हाई रे, प्रश्नालाच प्रश्न मिळतो."

"मग नदीत?"

"पोरगा बी तेच म्हणला फोनवर. नदीत टाकून दे, माझी बढती हाय, तमाशा नको. तो पुण्यात राहून आपली नदी विसरून गेला. मे महिन्यात पाणी आटलं की सगळं वर येतं. मागं एकाची हरवलेली सायकल वर आली होती. ह्यातलं एक कोणाच्या हातात गेलं, चुलीत गेलं, मग?" आणि मग, जणू काही मी पाचवीतली मुलगी आहे अशा आवाजात, "ज्यानं घातले टाके त्यानंच काढावे."

हे चूक होतं. आज मी ते शब्दांत सांगू शकतो. आत किती बारूद आहे, कोणतं आहे, हे ज्यानं भरलं त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नसतं, आणि तो माणूस भिंतीवर फोटोत होता. अशा वस्तूला घरच्या माणसानं हात लावायचा नसतो, मग तो हात कितीही चांगला असो. मला हे तेव्हाही आतून कळत होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की बाई, मला खोली नको. मी म्हणालो नाही.

मी म्हणालो, "जपून करा."

बाईंचे नियम होते. ऊन चढलं की काम बंद. एका वेळी एकच काडतूस बाहेर, बाकीचा डबा दूर. मन थाऱ्यावर नसेल त्या दिवशी डब्याला शिवायचंच नाही. एकदा भाजीवालीशी वाद झाला तर दोन दिवस डबा उघडला नाही. छर्रे एका भांड्यात, बारूद दुसऱ्यात पाण्याखाली. बुडातल्या टोपीला त्या हात लावत नसत. "ते साहेबांचं खातं," म्हणत. टोपीसकट पुंगळ्या पाण्याच्या घागरीत.

आणि सगळ्यांत मोठा नियम: वरची घरात असताना काम नाही.

त्यामुळं वरचीला घराबाहेर काढायचं काम माझ्याकडं आलं. सकाळी ऑफिसच्या आधी मी तिला म्हणायचो, देवळात जाऊन ये, डॉक्टरनं चालायला सांगितलंय. भाजी घेऊन ये. तुझ्या मैत्रिणीकडं बसून ये. बाई खालून साथ द्यायच्या, "वरचे, लेकराला हवा लागू द्या!" बायको वैतागली. "ह्या घरात मला टेकू का देत नाहीत? काय झालंय दोघांना? मी गेले की खाली चोऱ्या करता का?" मी हसायचो. हसत हसत तिच्या हातात पिशवी द्यायचो.

ती गेली की मी पुढच्या दाराशी उभा राहायचो. कोणी आत येऊ नये म्हणून. मागून आवाज यायचे ते अगदी बारीक. मेण खरवडल्याचा. छर्रे भांड्यात पडल्याचा, जसे तांदूळ ताटात पडतात. आणि मधूनच बाईंचं बोलणं. माझ्याशी नसायचं. गट्टा बाहेर निघाला की त्या तो ओळखायच्या.

"हा निळा. पोराच्या शाळेच्या कोटाचा. खिसा जळाला होता होळीत."

"हा माझ्या सासूच्या शालीचा. तिला कळलं असतं तर खाल्लं असतं मला."

"हा साहेबांच्या लोकरीच्या टोपीचा. ह्याला मी हात लावू दिला न्हवता, तरी कापला वाटतं त्यांनी. चोर."

एकदा बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मी हाक मारली. पुन्हा मारली. "ओरडू नको," त्या म्हणाल्या. "एका गट्ट्यात दुहेरी टाका हाय. मी कधी घातला आठवून राहिले."

ते ऐकताना मला त्यांचं कौतुक वाटे. ऑफिसात कोणी फाईल टेबलावर आपटली तरी मी दचकायचो. रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला त्या दिवशी मी काम टाकून रिक्षानं घरी गेलो. बाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुझं तोंड आधी धुऊन घे. वरची बघन."

खालचा थर संपला. मग वरच्या थरातली, हिरवी पडलेली राहिली. पूजेची. बाईंनी ती बरेच दिवस नुसती पाहिली. मी म्हणालो, "एवढी राहू द्या. डबाच बंद करून ठेवू कुठंतरी."

"कुठं? सांग की जागा."

आईला आणायला मी त्या रविवारी गावी जाणार होतो. खोली धुऊन काढायची होती. हे मी बोललो नाही, पण बाईंना ठाऊक होतं. माझ्या तोंडावर ते लिहिलेलं असणार.

त्या सकाळी बायकोला तपासणीसाठी दवाखान्यात जायचं होतं. मी तिला रिक्षात बसवून दिलं, म्हणालो मी मागून येतो. दाराशी उभा राहिलो. मागून खरवडल्याचा आवाज येत होता, आणि या वेळी तो थांबून थांबून येत होता. थोडा आवाज, मग शांतता, मग थोडा. मला ते ऐकवेना. खरं सांगतो, मला ते ऐकवेना म्हणून मी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला गेलो. दार नुसतं लोटलं.

बायको दवाखान्याची फाईल विसरली होती. ती अर्ध्यातून परत आली.

आवाज फार मोठा नव्हता. टपरीवाला म्हणाला, "कोणाचा तरी कुकर गेला." माझ्या हातातला कप खाली पडला आणि मी पळालो.

बायको ओसरीच्या पायरीवर बसली होती, खांबाला मिठी मारून. तिला काही लागलं नव्हतं. बाई मागून चालत आल्या. उजवा तळहात भाजून पांढरा पडला होता, उजव्या कानातून रक्ताची रेघ. ओल्या पोत्यानं बराच मार खाल्ला होता, भिंतीत छर्रे घुसले होते. बाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. बायकोपुढं उकिडव्या बसल्या आणि विचारलं, "पोटात हालचाल हाय का?"

बायको म्हणाली, "कळत नाही. कळत नाही हो."

दवाखान्यात डॉक्टरांनी यंत्र पोटावर ठेवलं. इकडं सरकवलं, तिकडं सरकवलं. नुसता खरखर आवाज. मी आयुष्यात कधी देवाला काही मागितलेलं नाही, तेव्हा मागितलं, आणि काय देईन तेही कबूल केलं. मग ठोके लागले. घोडा पळाल्यासारखे.

बायको रडली. मग माझा हात धरून तिनं विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही."

एवढंच. एका शब्दाचं काम. पुढं जे झालं ते सगळं या शब्दाला जोडत जोडत मी शिवत गेलो.

पोलिस आले. बाईंनी त्यांना बसायला पाट दिले आणि सगळं सांगितलं. डबा, पूजा, पाणी, टोप्या. म्हणाल्या, "मला समजत होतं मी काय करून राहिले ते. वरच्याला विचारा, तो दारात उभा राहायचा." पोलिसांनी मला विचारलं. बायको शेजारी होती. मी म्हणालो, "मला यातलं काही माहीत नाही."

केस उभी राहायला वेळ लागला. तोवर मुलगी झाली, माझी नोकरी पक्की झाली, आम्ही दुसरीकडं राहायला गेलो. बाईंच्या मुलानं वकील दिला. वकिलाचं म्हणणं सोपं होतं: म्हातारी बाई, नवरा गेल्यापासून डोक्यावर परिणाम, आपण काय हाताळतोय हे तिला कळत नव्हतं. बाईंना हे मंजूर नव्हतं. कोर्टाच्या व्हरांड्यात मुलगा हात जोडून म्हणत होता, "आई, एकदा गप्प बस. फक्त एकदा." बाई माझ्याजवळ आल्या. डावा कान माझ्याकडं करून उभ्या राहिल्या, म्हणजे मी काही बोललो तर ऐकू यावं. त्या म्हणाल्या, "तू पाहिलंयस. पाहिलं ते सांग. बास."

मला शपथ दिली. वकिलानं विचारलं, बाईंनी तुम्हाला दारात राखण करायला सांगितलं होतं का? मी म्हणालो, नाही. त्या काही नियम पाळून, काळजी घेऊन काम करत होत्या असं तुम्ही पाहिलं का? नाही. त्यांचं वागणं कसं वाटायचं? मी म्हणालो, "जरा वेगळंच." मग म्हणालो, "एकट्याच बोलायच्या."

हे शेवटचं मला कोणी विचारलं नव्हतं.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. शाळेत कोणी चिंधी टरकन फाडली की त्या कशा बघत असतील, ते मला तेव्हा कळलं.

त्या सुटल्या. वय, प्रकृती आणि मनाची अवस्था बघून. बाहेर मुलानं मला मिठी मारली. "तुमचे उपकार झाले. तुमच्यामुळं आई वाचली." गल्लीतही लोक म्हणाले, माणूस भला, म्हातारीसाठी खोटं बोलला. मी ते ऐकून घेतलं. मी बाईंसाठी खोटं बोललो नव्हतो. खरं बोललो असतो तर पहिला प्रश्न आला असता, मग तुम्ही कळवलं का नाही? आणि दुसरा प्रश्न घरी आला असता.

त्यानंतर बाई गल्लीत 'येडी' झाल्या. आधी जे विक्षिप्त होतं ते सगळं आता पुराव्यात गेलं. दोऱ्या सोडवणं, स्वेटर उसवणं, मजल्याला हाक मारणं. शाळेच्या कार्यक्रमाला बोलावणं बंद झालं. बायका पोरींना त्यांच्याकडं शिवण शिकायला पाठवेनाशा झाल्या, "डोकं फिरलेल्या माणसाच्या हातात सुई असते." मुलानं घराला कुलूप लावलं आणि बाईंना उदगीरला त्यांच्या धाकट्या बहिणीकडं नेऊन ठेवलं. मी भेटायला गेलो नाही. लातूरला बदली झाली, उदगीर तासादीडतासावर होतं, तरी नाही.

मुलगी आता लातूरला क्लासला जाते. परवा जेवताना बायको तिला स्वतःच्या बाळंतपणाची गोष्ट सांगत होती. "बिचाऱ्या बाई. डोकंच गेलं होतं त्यांचं. दैव बलवत्तर म्हणून तू आहेस." मी म्हणालो, "त्यांचं डोकं ठिकाणावर होतं. मला सगळं माहीत होतं. मी तुला मुद्दाम बाहेर पाठवायचो. आणि त्या दिवशी मी दार सोडून गेलो होतो."

बायको बरेच दिवस मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत जेवत राहिली. मग एका सकाळी चहाचा कप ठेवताना बायको म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मला कोणी येडी म्हणालेलं नाही. जिला म्हणाले तिला जाऊन सांग."

उदगीरला बहिणीचं घर सापडायला वेळ लागला नाही. बहिणीनं दार उघडलं, तिचं सासर सीमेपलीकडचं, बोलणं निम्मं कानडी. "बर्री, बर्री, या," म्हणाली. बाई अंगणात बाजेवर होत्या. खूप बारीक झालेल्या. मला ओळखायला त्यांना एक क्षण लागला.

"वरच्या," त्या म्हणाल्या. "पोरगी हाय ना बरी?"

"बरी आहे, बाई."

"काय?"

"बरी आहे!"

"मोठ्यानं बोल. उजवा गेलाच, आता डावा बी जाऊन राहिला."

मी वाटेत बसमध्ये जे बोलायचं ठरवलं होतं ते हळू आवाजात बोलायचं होतं. पुटपुटायचं. तसलं आता चालणार नव्हतं. मी त्यांच्या जवळ सरकलो आणि म्हणालो, "बाई, मी कोर्टात खोटं बोललो."

"ऐकू येत न्हाई."

"मी कोर्टात खोटं बोललो!" बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. भिंतीपलीकडची शेजारीण कपडे वाळत घालत होती, ती थांबली. "मी सगळं पाहिलं होतं! तुम्ही वेड्या नव्हता!"

"काय पाहिलं होतं ते सांग," बाई म्हणाल्या. "नुसतं पाहिलं पाहिलं काय म्हणतो?"

मग मी सांगितलं. ओरडून. ओलं पोतं, बांगड्यांची वाटी, एका वेळी एकच काडतूस. निळ्या कोटाचा गट्टा, नणंदेची शाल. वरची घरात असताना काम नाही. मी टपरीवर गेलो होतो. आणखी एक बाई येऊन भिंतीशी उभी राहिली. माझा घसा बसत आला. बाई मधूनमधून मान हलवत होत्या, एखादा टाका बरोबर निघाल्यासारख्या. एकदा म्हणाल्या, "शाल नणंदेची न्हवे, सासूची." मी दुरुस्त करून पुन्हा ओरडलो.

शेवटी मी म्हणालो, "तुम्ही जरासुद्धा भ्याल्या नव्हता, बाई! तुमचा हात एकदाही थरथरला नाही!"

बाईंनी भाजलेला तळहात वर केला. मला थांबवायला.

"हे खोटं हाय," त्या म्हणाल्या. "लई थरथरायचा. तू दाराकडं तोंड करून उभा राहायचा, तुला कुठून दिसन? सकाळी उठलं की पोटात गोळा यायचा. शेवटच्या दिवशी तर मी हातच धरून बसले होते, एका हातानं दुसरा." त्यांनी भिंतीशी उभ्या बायकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "येड्याला भ्या वाटत असतं का रे? मला वाटत होतं. तेवढं एक जरी तू तिथं बोलला असता, तर त्या जजसाहेबाला कळलं असतं की बाईला समजतंय म्हणून. आता सांग. मोठ्यानं सांग ह्यांना."

मी उभा राहिलो. घसा पुरता फाटला होता. तरी त्या भिंतीकडं तोंड करून, जमेल तेवढ्या मोठ्यानं सांगितलं की बाई भ्याल्या होत्या.